मदत हवी आहे: चिआंग रायच्या निळ्या विहारात आईला निवांत वंदना म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईला घेऊन थायलंडला जातेय. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेकडे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, म्हणून तारखा आधीच धरल्या. बँकॉक आणि चिआंग माई ठरलंय, घोडं अडलंय चिआंग रायवर.

आई त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही. दीक्षाभूमी, बोधगया झालंय. भाचीने तिला वाट रोंग सुआ तेनचे, म्हणजे निळ्या मंदिराचे फोटो दाखवले. आतबाहेर गडद निळा रंग, त्यावर सोनेरी नक्षी, दाराशी नाग आणि आत पांढरीशुभ्र बुद्धमूर्ती. "विहार एवढा भडक असतो का गं?" म्हणाली, आणि लगेच, "पण मला तिथे बसायचंय."

हा विहार २०१६ मध्ये खुला झाला. करणारा कलाकार चालेर्मचाय कोसितपिपत यांचा शिष्य, म्हणजे ज्यांनी १९९७ पासून पांढरं वाट रोंग खुन उभं केलं त्यांचा. त्या पांढऱ्या मंदिराच्या भिंतींवर सुपरमॅनसुद्धा आहे. ते आईला कसं समजवायचं, त्याचा वेगळा धागा काढेन!

तर मुख्य प्रश्न: निळ्या विहारात कोपऱ्यात बसून हळू आवाजात वंदना म्हटली तर चालतं का? पाली तर तीच, "नमो तस्स भगवतो" तिथेही म्हणतात. पण व्हिडिओत बघावं तर नुसती सेल्फीवाल्यांची झुंबड. दुसरं, तिथे मूर्तीकडे तळपाय करायचे नसतात, आणि आईच्या गुडघ्यांना पाय मागे दुमडून बसणं जमत नाही. पांढरी साडी नेसायची म्हणते, ती चालेल ना?

शिवाय चिआंग माईहून एका दिवसाची सहल घ्यावी की मुक्काम करावा? सहलीत काळं घरही असतं. ते देऊळ नाही, थवान दुचानी या थाई चित्रकाराचं कलासंग्रहालय आहे, हाडं-कातडी मांडलेली. तिथे आईला नेणार नाही.

प्रतिसाद:

ताई, मुक्कामच करा. चिआंग माईहून रस्त्याने एका बाजूला तीन तासांच्या वर लागतात, त्यामुळे सहलीच्या गाड्या पोचतात त्याच वेळेला गर्दी उसळते. तुम्ही सकाळी उघडल्या उघडल्या जा. निळ्या मंदिराला तिकीट नाही, आत फोटोही काढू देतात. म्हणूनच तर ती झुंबड. हळू आवाजातल्या वंदनेला कुणी हरकत घेणार नाही, तिथले लोकही आत बसून प्रार्थना करतात. पाय एका बाजूला दुमडले तरी चालतात, साधी मांडीही चालते. तेही जमत नसेल तर कडेला खुर्ची आहे का बघा, वयस्कर माणसांना कुणी अडवत नाही. पांढरी साडी तर उत्तमच, तिथल्या उपासिकाही पांढरंच नेसतात. फक्त खांदे झाकलेले हवेत, आणि भन्तेजींना काही द्यायचं तर बाईमाणसाने थेट हातात देऊ नये.

पांढऱ्या मंदिरात मात्र बसायची आशा धरू नका. पुलावरून एकाच दिशेने पुढे सरकत राहावं लागतं, आणि आत फोटोला बंदी.

आईंना खरंच निवांत बसायचं असेल तर गावातलं वाट फ्रा काएव हे मंदिर बघा. बँकॉकची प्रसिद्ध पाचूबुद्धाची मूर्ती १४३४ मध्ये तिथल्याच स्तूपात सापडली असं सांगतात. रंगाचा झगमगाट कमी, माणसंही कमी. निळं सकाळी करा, हे दुपारनंतर.