मेल आला तरी टेन्शन का?

आमच्या ह्यांची अमेरिकेत रेसिडेन्सीची (डॉक्टरांचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) मॅच आहे, म्हणजे कोणाला कुठलं हॉस्पिटल ते ठरवणारी प्रक्रिया. लोक विचारतात की सोमवारी 'मॅच झालं' असा मेल आला मग आता कसलं टेन्शन, तर अहो कुठे लागलं ते शुक्रवारी दुपारी बाराला कळतं (ईस्टर्न टाइम, म्हणजे आमच्याकडे कॅलिफोर्नियात सकाळी नऊ) आणि एकदा लागलं की बंधनकारक, नको म्हणायची सोय नाही. ज्यांना मेलच आला नाही त्यांची त्याच आठवड्यात सोपची (उरलेल्या जागांसाठी अर्ज करायची फेरी) धावपळ, ते वेगळंच. ह्यांनी भरलेल्या हॉस्पिटलांच्या लिस्टमध्ये इथल्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोपासून पार लांबच्या डेट्रॉइटपर्यंत सगळं आहे, जुलैच्या सुरुवातीला जॉइन व्हायचं, इथे माझी नोकरी, लेकीचं डेकेअर, लीज रिन्यू करू की नको तेही ठरेना. सासूबाई पुण्याहून रोज विचारतात, "लागला का गं नंबर?" फ्रिजवरचा अमेरिकेचा नकाशा मी काढूनच ठेवलाय, नवरा दूध घ्यायला गेला की तिथेच उभा राहायचा!