मॉरिशसचा कोणता किनारा? निवृत्तीनंतर राहायला जागा निवडण्यासाठी मदत हवी आहे

धागाकर्ती: ओलीवाळू

नमस्कार. आम्ही दोघं, वय ६३ आणि ६०, ठाण्यात राहतो. मॉरिशसचा निवृत्तांसाठीचा दहा वर्षांचा रहिवास परवाना (वय ५० च्या पुढे) घेऊन तिथे किनाऱ्याजवळ राहायचा विचार आहे. पेन्शन, एका फ्लॅटचं भाडं आणि ठेवींचं व्याज मिळून करापूर्वी महिना अडीच लाखांच्या आसपास येतात.

अडचणी आधीच सांगते. यांचे गुडघे कुरकुरतात, मला सौम्य दमा आहे. रोज गाडी चालवायची इच्छा नाही. समुद्रात उतरता यावं ही हौस. नातवंडं मे महिन्यात आणि दिवाळीत येतील.

यादीत तीन गावं आहेत: उत्तरेला ग्राँ बे, पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, पूर्वेला बेल मार. फोटो बघून मन बेल मारवर बसलंय. प्रश्न असे:
१. तिन्हींतलं कोणतं, की चौथंच?
२. घर भाड्याने घ्यावं की विकत?
३. पैसे कसे पाठवायचे?
४. दवाखान्याचं काय?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

आग्नेयवारा

बेल मारचे फोटो बहुतेक जानेवारीतले असतात. जुलैत तिथे उभं राहून बघा, मग ठरवा.

मॉरिशस निवडताना समुद्राआधी वारा बघायचा. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा, आणि त्या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे जवळजवळ रोज वाहतात. पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर. वाळू उडते, पाणी गार आणि खवळलेलं, छत्री टिकत नाही. या वाऱ्यांसोबत येणारे ढग मधल्या पठारावर चढून रिकामे होतात आणि पश्चिमेला कोरडेच उतरतात. म्हणजे आपल्या सह्याद्रीचं चित्र उलटं करा: तिथे पूर्व बाजू कोकण आणि पश्चिम बाजू देश. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिमीच्या आसपास पाऊस, पठारावर काही ठिकाणी ४,००० मिमीपर्यंत. अंतर मात्र फार नाही, अख्खं बेट ६५ किमी लांब आणि ४५ किमी रुंद आहे.

दम्यासाठी एक इशारा. क्युरपिप, व्हाक्वा या पठारावरच्या गावांत भाडं कमी दिसेल. तिथे भिंतींना बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत. त्या मोहात पडू नका. पश्चिमेलाही उसाची शेतं आहेत आणि तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. घर शेताला लागून असेल तर त्या दिवसांत धूळ, धूर, राख येणार. खिडकीतून ऊस दिसतोय का, एवढं बघा.

नातवंडांचं म्हणाल तर दिवाळीचे दिवस उत्तम: वारा मंदावलेला आणि उन्हाळा नुकता लागलेला. मे महिन्यातही हवा चांगली असते, फक्त संध्याकाळी सहाच्या आत अंधार पडतो.

---

भरतीचीखूण

वाऱ्याबद्दल सहमत. दक्षिणेचा विषय एका ओळीत मिटवतो: सुयाकजवळ ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, ओढ जबरदस्त, पोहण्यासाठी ती जागा नव्हे.

उरले उत्तर आणि पश्चिम.

ग्राँ बे: दुकानं, बँका, दंतवैद्य सगळं चालत जाण्याइतकं जवळ. पण खाडीत बोटींची गर्दी, पदपथ अरुंद आणि मध्येच संपणारे. दुखऱ्या गुडघ्यांना हे रोजचं. विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला, आणि वाटेत राजधानी पोर्ट लुईची कोंडी. मेट्रो पोर्ट लुई ते क्युरपिप अशी आतल्या भागातून धावते. किनाऱ्यावरच्या गावांना तिचा उपयोग नाही.

त्रू ओ बिश: तुमच्या यादीतलं हरवलेलं चौथं नाव. उतार मंद, वाळू मऊ, लाटा भिंतीपलीकडेच अडतात. गुडघेदुखीवाल्यांनी पाण्यात उतरायला बेटावर याहून सोपी जागा क्वचितच. किराण्याला मात्र बस किंवा टॅक्सी.

फ्लिक आं फ्लाक: लांब सपाट किनारा, सुरूच्या झाडांची सावली, चालायला सरळ वाट. पाण्यात पायाखाली प्रवाळाचे तुकडे आणि साळिंदरासारखे काटे असलेले समुद्री प्राणी. दगडमासाही सापडतो, अगदी दगडासारखा दिसतो आणि काटा विषारी. रबरी तळव्याचे बूट घातल्याशिवाय उतरायचं नाही, हा नियम. शनिवार-रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर सहली आणि गाणी. घर पहिल्या रांगेत न घेता एक गल्ली मागे घ्या. आवाजही कमी, भाडंही कमी.

तामारां आणि ब्लॅक रिव्हर सुंदर आहेत, पण तिकडे किनाऱ्याने जाणारा एकच मुख्य रस्ता, आणि सकाळ-संध्याकाळ तो तुंबतो. गाडी नसेल तर सोडा.

दवाखान्याचं उत्तर याच्यातच आहे. मोठी खासगी रुग्णालयं पठारावर आहेत, मोका आणि फ्लोरेआल इथे. फ्लिक आं फ्लाकहून तिथे जाताना पोर्ट लुई लागत नाही. उत्तरेहून मोक्याला जाताना सकाळच्या रांगेत अडकायची शक्यता असते. घर बघायला जाल तेव्हा आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी आठला टॅक्सीने त्या घरून रुग्णालयापर्यंत जाऊन घड्याळ बघा. नकाशावरचं अंतर कामाचं नाही.

माझं मत: राहायला फ्लिक आं फ्लाक, पोहायला अधूनमधून त्रू ओ बिश.

---

मोदकपात्र

एक जोड. फ्लिक आं फ्लाकच्या वरच्या अंगाला कास्कावेल गाव आहे, मॉरिशसमधल्या मराठी वस्तीच्या जुन्या गावांपैकी एक. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मात्र "मराठी लोक आहेत, गप्पा होतील" हा हिशेब धरू नका. घरची बोली क्रेओल. मराठी शाळेत आणि पूजेत. चार महिने क्रेओलचा सराव करा, भाजीवालीपासून प्लंबरपर्यंत सगळे मोकळे बोलू लागतात. तांदूळ, डाळी, मसाले सहज मिळतात. शेवग्याचा पाला बाजारात 'ब्रेद मुरुम' म्हणून मागायचा.

---

ओलीवाळू

मंडळी, आभार. बेल मार खोडलं. एका दलालाने समुद्राला लागून बंगला दाखवलाय, "साठ वर्षांचा सरकारी भाडेपट्टा, मालकीपेक्षा निम्म्यात" म्हणतो. घ्यावा का?

---

खारीकडी

नको. भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरचा पट्टा, फ्रेंच काळापासून 'पा जेओमेत्रिक' म्हणजे पन्नास पावलं, ही प्रामुख्याने सरकारी जमीन. तिच्यावरचे बंगले भाडेपट्ट्यावर असतात. परदेशी नागरिकाला मालमत्ता घेण्यावर १९७५ च्या कायद्याने बंधन आहे. तो भाडेपट्टा दलालाच्या शब्दावर तुमच्या नावावर चढत नाही. परदेशी माणसाला घर घेता येतं ते मंजूर योजनांमध्ये, किंवा तळमजला अधिक किमान दोन मजले असलेल्या इमारतीतला फ्लॅट, तोही किमान ६० लाख मॉरिशस रुपयांचा. व्यवहार तिथल्या नोटरीकडूनच करायचा. तुमच्याकडे निवृत्तांचा परवाना असणार, त्यासाठी घर विकत घ्यावं लागत नाही. तेव्हा भाड्याने राहा, निदान पहिली दोन वर्षं.

भाड्याचं घर बघताना:

पाणी. पावसाळ्याआधी, ऑक्टोबर ते डिसेंबर, नळाला वेळापत्रक लागतं. गच्चीवर टाकी किती लिटरची आणि पंप कुणाचा, हे विचारा. दोघांना एक हजार लिटर पुरतं, पाहुणे आले तर दोन हजार हवं.

वादळ. नोव्हेंबर ते एप्रिल हंगाम. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात. तिसरी लागली की बस, बँका बंद आणि घरातच थांबायचं. स्लॅबचं छप्पर आणि खिडक्यांना झडपा हव्यातच. झडपा समोर उभं राहून बंद करून बघा, कारण खाऱ्या हवेने बिजागऱ्या धरलेल्या असतात आणि हे वादळाच्या आदल्या रात्रीच कळतं. वाऱ्यापेक्षा पाणी जास्त घात करतं. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. त्यामुळे तळमजला ओढ्याच्या किंवा गटाराच्या काठी नको. पहिला मजला उत्तम, पण जिना किती पायऱ्यांचा आणि लिफ्टला जनरेटर आहे का, ते गुडघ्यांसाठी बघा.

खारी हवा. एसीचं बाहेरचं यंत्र समुद्राच्या बाजूला असेल तर लवकर गंजतं. दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे करारात लिहून घ्या. दरवाजाची मोटर आणि गीझरचंही तेच. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला पहिल्याच दिवशी पाठवा, नाहीतर जुना गंज अनामतीतून कापला जातो.

आपले तीन गोल पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत. ब्रिटिश चौकोनी पिना चालतात.

---

व्याजबट्टा

पैशांचं बोलतो. निवृत्तांच्या परवान्यासाठी दरमहा तिथे किती पैसे आणायचे, याचा 'महिना १,५०० डॉलर' हा जुना आकडा जालावर अजून फिरतोय. हिशेब २,००० धरून करा, आणि अर्जाच्या दिवशी तिथल्या आर्थिक विकास मंडळाच्या संकेतस्थळावर जो आकडा असेल तो खरा.

२,००० प्रमाणे वर्षाला २४,००० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर २१ लाख ६० हजार. तुम्ही निवासी भारतीय आहात तोवर हे पैसे एलआरएसखाली (निवासी भारतीयांनी परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) जातात आणि माणशी १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच बँकेने आगाऊ वसूल केलेला आयकर) कापला जातो. सगळं एकाच पॅनवर पाठवलं तर २ लाख ३२ हजार कापले जातील. बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. दोघांच्या पॅनवर निम्मे-निम्मे केले तर दोघांचे मिळून ३२ हजारच. पहिला हप्ता मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये पाठवला तर आर्थिक वर्षं दोन होतात आणि मर्यादाही दोनदा मिळते. तिथलं खातं संयुक्त ठेवा, परवाना ज्याच्या नावावर त्याचं नाव पहिलं.

कायम राहायला गेलात की फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्ही अनिवासी. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं रुपया खातं) करून घ्यायचं, एलआरएस संपलं. एनआरओमधलं पेन्शन, भाडं, व्याज कर भरून बाहेर नेता येतं. फ्लॅट विकून आलेल्या रकमेला वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा.

लोक फसतात ते भाडेकरूपाशी. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापून भरायचा असतो, आणि त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, नोटीस आल्यावर भांडण होतं. भाडेकरार नव्याने करताना हे कलम घाला. व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक देतात तो फॉर्मही अनिवासींना चालत नाही. मॉरिशसमध्ये परदेशी उत्पन्न देशात आणलं की करपात्र ठरू शकतं, त्यामुळे दुहेरी कर टाळण्याचा करार कळणारा सीए आधीच गाठा.

आणि भारतातलं सिम चालू ठेवा. बँकेचा ओटीपी आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, दोन्ही त्याच्यावर अडतं.

---

ओलीवाळू

दवाखान्याच्या खर्चाचं आणि कागदपत्रांचं कुणी सांगेल का? आमच्याकडे भारतातला मेडिक्लेम आहे.

---

भरतीचीखूण

तो मेडिक्लेम सहसा भारतातल्या उपचारांपुरताच असतो. तरीही बंद करू नका. मोठी शस्त्रक्रिया मुंबईत येऊन करायची असेल तर तोच कामाला येईल, आणि साठीनंतर नवी पॉलिसी घेतली की जुन्या दुखण्यांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून. तिथल्यासाठी वेगळा विमा घ्या. दमा आणि गुडघे अर्जात लिहा, लपवलेलं दुखणं दाव्याच्या वेळी उघडं पडतं. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घ्या, कारण ब्रँड बदलतात. झोपेच्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडॉल असं काही चालू असेल तर नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घ्या. तिथला कायदा याबाबत कडक आहे.

जाऊन बघायचं तर दोन फेऱ्या करा: एक जुलै-ऑगस्टमध्ये, एक फेब्रुवारीत. दोन्ही वेळा हॉटेलात न राहता भाड्याच्या घरात.

कागदपत्रांत अडकतो तो जन्मदाखला. साठच्या दशकात जन्मलेल्यांची नोंद पुष्कळदा ग्रामपंचायतीत 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढीच असते, नावाशिवाय. आधी नाव चढवून घ्या. मग राज्याच्या पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का). तुमच्या जन्मदाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं नाव असणार, तेव्हा विवाहनोंदणीचा दाखलाही अपोस्टिल करून त्याच गठ्ठ्यात ठेवा. पोलिसांचा चारित्र्य दाखला शेवटी काढा, तो लवकर जुना होतो.