५० हजारांत गेमिंग पीसी: नवा असेंबल करावा की ऑफिसातला जुना घ्यावा?

मानेवाडा रोड (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. बहिणीचा मुलगा बारावी झाला. मामा पीसी घेऊन देणार, हे दहावीपासून ठरलेलं होतं. बजेट ५० हजार, मॉनिटरसकट. खेळात व्हॅलोरंट रोज, मित्रांसोबत जीटीए पाच, आणि आता ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकायचं म्हणतो.

रविवारी त्याला घेऊन नागपूरच्या बर्डीत चार दुकानं फिरलो. चारही ठिकाणी एकच सल्ला: आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, उरलेल्या पैशात बाकीचं बसवून देतो. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कोणता देणार विचारलं, तर "कॅबिनेटसोबत येतो ना" एवढंच उत्तर.

माझं मत नेमकं उलटं आहे. नागपुरात पहिले पैसे एसएमपीएसला आणि हवा नीट खेळेल अशा कॅबिनेटला द्यावेत. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि वरच्या माळ्यावरची खोली दुपारी चाळिशीला टेकते. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्याहून थंड तो काही करू शकत नाही. पुण्यात ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर आपल्याकडे ८५ दाखवतो तो यामुळे. त्यात दुपारी व्होल्टेज खाली-वर होतं ते वेगळंच.

२०१९ मध्ये माझ्या पीसीला दुकानदाराने असाच फुकटचा एसएमपीएस लावला होता. वर ५०० वॅटचं स्टिकर, पण हातात घेतला तर पोकळ डबा वाटावा इतका हलका. दुसऱ्याच उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास फट्‌ आवाज आला आणि जळल्याचा वास खोलीभर पसरला. उघडला तर दोन कपॅसिटर फुगून फुटलेले. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, फुकटच्या वस्तूला वॉरंटी नसते.

म्हणून माझा बेत असा: प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, त्यातच ग्राफिक्स येतं. रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक, एक मोठी नाही, कारण या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं आणि ड्युअल चॅनलला, म्हणजे दोन स्टिक एकदम चालल्या की, फरक डोळ्यांना दिसतो. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस. कार्ड पुढच्या वर्षी. सेटिंग कमी ठेवली की व्हॅलोरंट आरामात चालतं. चुकत असेन तर सांगा.

बर्डीवाला

भाऊ, एसएमपीएसचं १०० टक्के बरोबर. पण बाकी बेत पटला नाही. नवीन रॅमचे भाव पाहिले का सध्याचे? २०२५ च्या शेवटापासून एआय सर्व्हरवाल्यांनी मेमरी उचलणं सुरू केलं आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकाले मार बसून राहिला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल ब्रँडची किरकोळ विक्रीच बंद करतो म्हणून जाहीर केलं. अशा वेळी नवीन असेंबल करणं म्हणजे महागात महाग वस्तू विकत घेणं.

माझं म्हणणं: ऑफिसातून निघालेला इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीचा आय५ प्रोसेसरवाला टॉवर, म्हणजे उभं कॅबिनेट, घ्या. रॅम आतच असते, एसएसडी असते, विंडोजचं लायसन्सही बहुतेक त्याच बोर्डाले बांधलेलं असते. त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड टाका. हे कार्ड ७५ वॅटचं, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेते. फक्त वेगळी ६ पिनची वायर न लागणारं मॉडेल पाहून घ्या, दोन्ही प्रकार बाजारात आहेत. जीटीए पाचच्या जुन्या (लेगसी) आवृत्तीसाठी कंपनीने सुचवलेलं कार्ड जीटीएक्स ६६०, तेही २ जीबीचं. १६५० त्याच्या किती पुढे आहे. उरलेल्या पैशात पोराले चांगला मॉनिटर घेऊन द्या, डोळे त्याचे आहेत.

प्रतापनगर

दादा, हे वाचून कोणी घाईने जुना घेऊ नये म्हणून लिहिते. मुलासाठी मी मागच्या वर्षी तसाच घेतला. दोन चुका झाल्या.

पहिली, टॉवर नाही, आडवा चपटा डबा घेतला, कारण टेबलावर जागा कमी होती. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, लो प्रोफाइल म्हणजे बुटकंच लागतं, आणि ते शोधायला दोन महिने गेले. एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, पिनाही वेगळ्या. बाजारातला बदलून बसवताच येत नाही. म्हणजे तुमचा पहिला मुद्दाच तिथे संपतो.

दुसरी चूक, तो सहाव्या पिढीचा निघाला. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) दोन्ही लागतात. मुलगा शाळेतून येऊन रोज विचारायचा, "आई, झालं का चालू?" ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

बर्डीवाला

ताई, म्हणून तर टॉवर आणि आठवी पिढी दोन्ही लिहिलं. दुकानात बायोस (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) उघडून दाखव म्हणायचं, टीपीएम दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाही.

हिंगणा रोड

मला दोन्ही बेत मान्य नाहीत. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. शिवाय ५६००जी पीसीआयई ३ वरच अडतो, म्हणजे कार्डाला जोडणारा रस्ता जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा. पुढच्या वर्षी आरएक्स ६६०० लावलंत तर ते कार्ड मुळात त्या रस्त्याच्या ८ च लेन वापरणारं, तिथे थोडा तोटा होणारच. म्हणजे आज ग्राफिक्ससाठी पैसे द्यायचे आणि उद्या कार्ड लावलं की ते ग्राफिक्स पडून राहणार.

त्यापेक्षा आय३ १२१००एफ घ्या. चारच कोर, पण खेळाला भरपूर. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड पहिल्या दिवसापासून लागेल हे ध्यानात ठेवा. कार्ड सेकंडहँड आरएक्स ६६००, ८ जीबीचं, १३२ वॅटचं.

आणि ब्लेंडर शिकायचं असेल तर ५६००जी वर सायकल्सचा (ब्लेंडरमधलं अंतिम चित्र तयार करणारं इंजिन) सगळा रेंडर प्रोसेसरवरच पडेल. पोरगा एक फ्रेम लावून जेवायला जाईल, परत येईपर्यंत पंखा बोंबलतच असेल, आणि ते सुद्धा तुमच्या त्या तापलेल्या खोलीत.

मानेवाडा रोड

ब्लेंडरचा मुद्दा मी खरंच धरला नव्हता. पण सेकंडहँड कार्ड नको वाटतं. क्रिप्टो मायनिंगमधून, म्हणजे दिवसरात्र राबवून, आलेलं असलं तर कळणार कसं?

हिंगणा रोड

विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून बघायचा, पंख्याचा आवाज आणि तापमान स्वतः पाहायचं. मागच्या स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय का तेही बघा. मूळ बिल असेल तरच घ्या, जीएसटीचं पक्कं. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीला कोणी उभं करत नाही.

सक्करदरा

पार्टवर सगळे बोलले, कूलरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे चार महिने डेझर्ट कूलर चालतो. माझा पीसी कूलरच्या बरोबर समोर होता, गार राहील म्हणून. जूनमध्ये कॅबिनेट उघडलं तर धूळ ओली होऊन पंख्यावर नमद्यासारखी बसलेली, आणि रॅमच्या स्लॉटच्या कडेला पांढरी भुकटी. बोरिंगच्या पाण्यातले क्षार ताट्यांमधून हवेसोबत थेट आत आले होते. एक स्लॉट कायमचा गेला.

आता पीसी कूलरच्या झोताबाहेर, जमिनीपासून वीतभर वर ठेवतो. कॅबिनेटला पुढे धुता येणारी जाळी आहे, दर पंधरा दिवसांनी धुतो. ताट्या बदलायला माणूस येतो त्याच दिवशी ब्लोअर मारून घेतो. तुम्ही नवा घ्या की जुना, कॅबिनेट जाळीचंच घ्या. समोरून पूर्ण काच असलेलं दिसायला देखणं असतं, पण हवा जायला वाट कुठे आहे त्यात?

प्रतापनगर

हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आमचाही कूलरसमोरच आहे, आजच हलवते.

मानेवाडा रोड

रात्री भाच्याला सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "मामा, व्हॅलोरंट मी कॅफेतही खेळतो. ब्लेंडरसाठी कुठे जाऊ?" मग ५६००जी मी सोडला. हिंगणा रोडवाल्या दादांच्या आय३ चाही हिशेब मांडला, पण नवीन रॅम आणि कार्ड धरून मॉनिटरला पैसेच उरत नव्हते.

तर बर्डीवाल्या भाऊंचा टॉवर, नवव्या पिढीचा. कार्ड एनव्हिडियाचंच, १६५०, म्हणजे सायकल्सचा रेंडर कार्डावर घेता येईल. एसएमपीएसवरची माझी अट कायम आहे: टॉवरमध्ये साध्या मापाचा बसत असेल तरच घेणार. शनिवारी मोजपट्टी घेऊन दुकानात जातोय. भाऊ, तुम्ही बर्डीतच असता ना? सोबत आलात तर बायोस तुम्हीच उघडून बघा.

बर्डीवाला

येतो. अकराच्या आत या, नंतर उन्हात फिरणं होत नाही.