व्हर्च्युअल लॅब एका क्लिकवर का उघडू नये?

तिसरा_बाक
आमच्या विद्यापीठाची संगणक लॅब आता व्हर्च्युअल आहे. मॅटलॅब, एसपीएसएस, कॅड सगळं सर्व्हरवर चालतं, माझ्या लॅपटॉपवर फक्त त्याचा स्क्रीन दिसतो. सोय उत्तम, पण आत शिरायचं तर आधी पोर्टलचा पासवर्ड, मग फोनवरचा सहा आकडी कोड, आणि डेस्कटॉप उघडला की विंडोज पुन्हा तोच पासवर्ड मागतं. एकदा ओळख पटली ना? मग आयकॉनवर क्लिक केल्यावर थेट डेस्कटॉप यायला काय हरकत आहे?

सर्व्हररूम
हरकत आहे. तो डेस्कटॉप विद्यापीठाच्या नेटवर्कच्या आत असतो. तुमचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला, तोही आत. आणि 'एक क्लिक' मागणाऱ्यांना बहुतेकदा हवी असते पासवर्ड सेव्ह करून ठेवलेली आरडीपी (दूरचा विंडोज डेस्कटॉप उघडणारी) जोडणी. हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप उघडा पडलेला, रूममेटने डबल-क्लिक केलं की तो तुमच्या नावाने आत. नंतर लॉगमध्ये नाव कोणाचं दिसणार?

तिसरा_बाक
पासवर्ड सेव्ह करू द्या असं मी कुठे म्हटलं? पोर्टलवर कोडसकट लॉगिन करायला मी तयार आहे. त्यानंतरचा दुसरा पासवर्ड कशासाठी, एवढंच विचारतेय.

अर्धा_अभियंता
खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या पासवर्डने सुरक्षा फारशी वाढत नाही, तो अर्धवट जोडणीचा पुरावा आहे. पोर्टल सॅमलवर (एकीकडे पटलेली ओळख दुसरीकडे कळवायची पद्धत) चालत असेल तर ओळख तपासणारा सर्व्हर फक्त 'हो, ही तीच' एवढं कळवतो, पासवर्ड पुढे देत नाही. विंडोजला मात्र पासवर्ड किंवा सर्टिफिकेट (ओळखीचा डिजिटल दाखला) लागतं, त्याशिवाय केर्बेरोसचं, म्हणजे विंडोजच्या ओळख-तपासणी पद्धतीचं, तिकीट मिळत नाही. म्हणून ते बिचारं पुन्हा विचारतं.
गंमत म्हणजे केर्बेरोस जन्मलं १९८० च्या दशकात, एमआयटीच्या अथेना प्रकल्पात, विद्यापीठातल्या सामायिक संगणकांसाठीच! एकदा पासवर्ड द्या, मग तिकिटावर काम करा. विंडोज डोमेनमध्ये (संस्थेच्या एकत्र सांभाळलेल्या संगणकांत) ते तिकीट डीफॉल्ट १० तास चालतं.
मधली फट बुजवायची सोय आहे. व्हर्च्युअल डेस्कटॉप पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी सिट्रिक्समध्ये एफएएस, होरायझनमध्ये ट्रू एसएसओ. पोर्टलच्या होकारावर तुमच्या नावाचं अल्पायुषी सर्टिफिकेट निघतं आणि विंडोज तेच स्वीकारतं.

सर्व्हररूम
माहीत आहे. पण कोणाच्याही नावाने सर्टिफिकेट काढू शकणारा सर्व्हर फुटला तर सगळेच गेले. तो डोमेन कंट्रोलरइतका, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरइतका, जपावा लागतो. त्यासाठी माणूस कोण देणार? इथे दोघांत सगळं चाललंय.

खडूफळा
मी शिकवते, माझी अडचण वेगळीच. परीक्षेला फोन बाहेर ठेवायला आम्हीच सांगतो आणि लॉगिनचा कोड येतो फोनवर! सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसतो.

नुसता_वाचक
पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) वापरा, विषय संपला.

खडूफळा
कसा संपला? मुलांची पासकीही बहुतेकदा फोनमध्येच असते. लॅबच्या संगणकावर क्यूआर स्कॅन करायचा तर फोन हवा आणि दोन्हीकडे ब्लूटूथ हवं. यूएसबीची चावी वापरावी म्हटलं तर आमच्याकडे पोर्ट बंद करून ठेवलेत, पेनड्राइव्हच्या भीतीने.

अर्धा_अभियंता
@सर्व्हररूम, माणूसबळाचा मुद्दा मान्य. पण सतत विचारण्याचीही किंमत असते, लोक न वाचता 'मंजूर' दाबायला लागतात. २०२२ मध्ये उबर कंपनीच्या नेटवर्कमध्ये घुसखोर तसाच शिरला. एका कंत्राटदाराच्या फोनवर लॉगिनच्या विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. दारावर एकदाच, पण नीट तपासा. आत खोलीखोलीत कशाला?

सर्व्हररूम
स्वतःच्या लॅपटॉपपुरतं पटतंय. सामायिक संगणकावर नाही. मुलं टॅब बंद करतात आणि निघून जातात, त्यांना वाटतं लॉगआउट झालं. ब्राउझर उघडाच राहिला तर पोर्टलचं सत्र जिवंत असतं. पुढचा येतो, पोर्टल उघडतो, आयकॉनवर क्लिक करतो आणि आधीच्याचा डेस्कटॉप समोर. तिथे तो दुसरा पासवर्डच अडवतो.

तिसरा_बाक
मग सामायिक संगणकांवर ठेवा की दुसरा पासवर्ड, वर सत्रही लवकर संपवा. माझ्या लॅपटॉपला ती शिक्षा का?

सर्व्हररूम
दोन वेगळे नियम लावायचे तर कोणता संगणक कोणाचा हे आधी पोर्टलला कळायला हवं. लॅपटॉपची नोंदणी करून घ्याल?

तिसरा_बाक
एकदाच करायची असेल तर आजच करते.