दुकानाचं बिलिंग: कोडवालं जुनं की माउसवालं नवीन?

काउंटरवाली, सातारा
आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. 1998 पासून बिलं फॉक्सप्रोत लिहिलेल्या प्रोग्रामवर व्हायची. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस लागायचाच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला तो शिकवला. एसडब्ल्यू6 म्हणजे सहा अँपिअरचा स्विच. कोड, एंटर, नग, एंटर, की पुढची वस्तू. गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत बिल हातात. 2017 ला जीएसटी आला तेव्हा ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांनीच तो दुरुस्त करून दिला. आता त्यांनी काम थांबवलं, म्हणून दिवाळीनंतर नवीन घेतलं.

नवीनमध्ये नाव टाइप करायचं, यादीत क्लिक, नगाच्या चौकोनात क्लिक, आकडा, मग 'ॲड'वर क्लिक. संध्याकाळी सहा ते आठ वायरमन मंडळींची रांग लागते आणि माझा हात नुसता इकडून तिकडे फिरतो. पण कामावरचा नवा मुलगा पहिल्याच दिवशी बिल करायला लागला. जुन्यावर त्याला कोड पाठ करायला तीन आठवडे गेले होते. हे म्हणतात, "तुला सवय नाही एवढंच." सवयीचाच प्रश्न आहे का?

टेस्टर_पुणे
नाही ताई, सवय झाली तरी हळूच राहील. 1980 मध्ये कार्ड, मोरन आणि न्यूवेल यांनी याचं गणित मांडलं होतं. सरावलेल्या माणसाला एक कळ दाबायला साधारण 0.2 सेकंद, माउसने नेम धरायला 1.1, आणि हात कीबोर्डवरून माउसवर किंवा परत न्यायला 0.4. तुमच्या जुन्या पद्धतीत सहा कळा, म्हणजे 1.2 सेकंद. नवीनमध्ये तीनदा नेम आणि चारदा हात हलवणं, हेच 4.9 झाले, टाइप करणं वेगळंच. दहा वस्तूंचं बिल धरा आणि तुमची रांग आठवा.

यातले पहिले दोघं झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातले. माउस आणि खिडक्यांचा आल्टो संगणक 1973 मध्ये तिथेच तयार झाला होता. माउस कुठे वेळ खातो हेही त्यांनीच मोजलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मात्र हे गणित न चुकणाऱ्या, सरावलेल्या हाताचं आहे. तुमच्या कामावरच्या मुलाला ते लागू नाही. त्याला आठवावं लागत नाही, समोर दिसतं ते निवडायचं, म्हणून तो पहिल्या दिवशी उभा राहिला.

निवृत्त_रोखपाल
आमच्या पतसंस्थेत मधला प्रकार होता. पडद्यावर 1 भरणा, 2 उचल, 3 कर्ज असा आकड्यांचा मेनू. नवीन माणूस वाचून आकडा दाबायचा. आम्ही पडदा उमटायच्या आधीच 1, 3, 2 दाबून मोकळे. एकच पडदा दोघांना पुरायचा. असं आता का करत नाहीत?

टॅली_रोज
करतात, शोधावं लागतं. टॅलीत एफ8 ने विक्री, आणि बिल अर्धवट असताना ऑल्ट-सी ने नवीन खातं उघडता येतं. ताई, तुमच्यात टॅब आणि एंटरने पुढे जाता येतं का बघा. सेटिंगमध्ये 'आयटम कोड' असेल तर तो चालू करा.

टचस्क्रीनच्या मागे लागू नका. चाळीस पदार्थांच्या उपाहारगृहात मोठी बटणं शोभतात. तुमच्या हजारो वस्तू त्यात कशा मावणार? बारकोड स्कॅनर मात्र घ्या. संगणकाच्या लेखी तो कीबोर्डच असतो, कोड टाइप करून एंटर मारतो. मोजून कापलेली वायर तेवढी हाताने घालावी लागेल.

काउंटरवाली, सातारा
कोडची सोय होती! बंद करून ठेवलेली. दोन रविवार बसून जुने सगळे कोड घातले. एसडब्ल्यू6 परत चालतंय आणि टॅबने पुढेही जाता येतं. मुलगा त्याच पडद्यावर माउसने करतो.

आता सासऱ्यांचं बघायचंय. ते दुपारी काउंटरवर बसतात. जुन्या पडद्यावर पंचवीसच ओळी, अक्षरं ठसठशीत. इथे पांढऱ्यावर करडी, बारीक. रात्री विंडोजचं स्केलिंग 150 टक्के केलं, तर अक्षरं मोठी झाली पण 'सेव्ह'चं बटण पडद्याखाली गेलं. सेव्हला कळ कोणती असते?

टॅली_रोज
बटणाच्या नावात एखाद्या अक्षराखाली रेघ आहे का? दिसत नसेल तर ऑल्ट दाबून बघा. रेघ असलेलं अक्षर ऑल्टबरोबर दाबायचं.