अनुभव धागा: 'तुला नाही घ्यायचं!' आणि त्यानंतरची मारामारी

पाळणाघरवाली

विक्रोळीला कन्नमवार नगरात माझं पाळणाघर आहे. अडीच ते सात वर्षांची मुलं असतात. संध्याकाळी न्यायला आलेले आईबाबा ज्या तक्रारी करतात त्या चाव्याच्या, ओरबाडण्याच्या, केस ओढल्याच्या. वळ दिसतो ना! त्या चावणाऱ्या मुलाला त्याआधी भातुकलीतून परत परत उठवलेलं असतं, ते मात्र कुणाच्या अंगावर उमटत नाही.

म्हणून हा धागा. खेळायला न घेतलेल्या मुलाने पुढे काय केलं आणि मोठ्यांनी काय केलं, दोन्ही लिहा. तुमचं मूल घेणाऱ्यांतलं असो, वगळलेलं असो की मार खाल्लेलं. मुलांची, शाळेची, सोसायटीची नावं नकोत. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हेही चालेल, पण प्रसंगासकट.

गोरेगाव, सहावा मजला

माझा मुलगा साडेचार वर्षांचा. आमच्या पोडियमवर संध्याकाळी मोठ्या मुली खडूने चौकोन आखून लंगडी घालत होत्या. हा मध्ये मध्ये जायचा, त्या 'तू जा ना, तुला येत नाही' म्हणायच्या. खरंच येत नाही त्याला, रेषेवरच पाय देतो. थोडा वेळ बाकावर बसला. मग पाण्याची बाटली घेऊन गेला आणि एकेक चौकोनात नीट ओतत सुटला. रडत नव्हता, ओरडत नव्हता. अगदी कामाला लागल्यासारखा. एका मुलीने हात धरला तेव्हा तिच्या पोटात डोकं मारलं.

लगेच चार आया जमल्या. सगळ्यांनी पाहिलं होतं ते डोकं. मी 'सॉरी' म्हणायला लावलं तर म्हणाला, 'आता त्यांचा पण खेळ नाही.'

हे वाक्य अजून डोक्यात आहे. खेळात शिरता येईना, निदान तो बंद तरी पाडता आला.

चाळकरी

लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे लहानग्यांसाठी सोय होती, लिंबू-टिंबू. डबा ऐसपैस असो की लगोरी, धाकटी भावंडं खेळात असायची पण त्यांच्यावर राज्य यायचं नाही. आऊट झाली तरी आऊट नाहीत. त्या पोरांना वाटायचं आपण खेळतोय, आम्हालाही आडकाठी नाही. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्याही गॅलरीत जा, हेच.

पण चाळ म्हणजे गोकुळ असं लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. लिंबू-टिंबू व्हायला कुणाचा तरी धाकटा भाऊ असावं लागायचं. तळमजल्यावर एक एकुलता पोरगा होता, नव्याने राहायला आलेला, जरा तोतरा बोलायचा. त्याला घ्यायचे फक्त एक गडी कमी पडला की, आणि तोही गटाराच्या बाजूला फिल्डिंगला. तो काय करायचा? बॉल हातात आला की कौलांवर भिरकवायचा. दर वेळी. मग आम्ही त्याला धोपटायचो, आणि वडीलधारी मंडळी म्हणायची, 'अशाला कशाला घेता रे?'

बॉलचोर हे नाव त्याला चाळ सोडेपर्यंत चिकटलं.

वाचनमात्र

छान धागा. वाचतेय.

बालवाडीताई

गोवंडीच्या वस्तीत बालवाडी घेते. माझ्याकडे भाषांची मिसळ आहे. मराठी, भोजपुरी, दखनी, सगळं चालतं.

'मामाचं पत्र हरवलं' सगळ्यांना माहीत आहे. गोल करून बसायचं, एकाने रुमाल घेऊन बाहेरून फिरायचं आणि कुणाच्या तरी पाठीमागे टाकायचा. एक मुलगी नवीन होती, पाच वर्षांची. गावाहून आलेली, केस कापलेले, बोलायची कमी. दर फेरीला ती मान वळवून मागे हात फिरवून बघायची. रुमाल कधीच नसायचा. चौघीजणी आपापसांतच टाकत होत्या. मुद्दाम म्हणावं तर तसंही नाही, मैत्रिणीला पळवण्यात मजा वाटते म्हणून.

मग तिने शेजारच्या मुलाला चिमटा काढला. तो मुलगा त्या चौघींतला नव्हता. उलट तोही तिच्यासारखाच, त्यालाही रुमाल मिळाला नव्हता! रुमाल ज्यांच्याकडे होता त्या लांब होत्या, हा हाताशी होता. असं मी पुष्कळदा बघते. राग ज्याचा असतो त्याच्यावर निघतोच असं नाही. घरी धाकट्या भावावर निघतो, नाहीतर बाहुलीचा हात उपटला जातो.

मी बोलले काही नाही. नियम बदलला. ज्याला एकदा रुमाल मिळाला त्याने पाय पसरून बसायचं, पाय पसरलेल्याच्या मागे टाकायचा नाही. आपोआप सगळ्यांपर्यंत पोचतो. 'सगळ्यांना खेळायला घ्या गं' असं सांगण्यात माझा घसा बसायचा, त्यापेक्षा हे बरं.

समुपदेशक, दादर

ताई, तुमचा रुमाल वाचून थक्क झाले. मानसशास्त्रातला या विषयावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग जवळजवळ असाच आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे संशोधक बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, थोडा वेळ तिघं खेळले, मग त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. एवढ्याशा गोष्टीचं इतकं वाईट का वाटलं, यातून 'सायबरबॉल' निघाला. पडद्यावर तिघं चेंडू झेलतात, सुरुवातीला तुम्हालाही मिळतो, नंतर मिळतच नाही. २००० साली पहिला प्रयोग छापून आला. २००४ मध्ये तर असं दिसलं की समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय हे सांगून ठेवलं तरी वगळलं गेल्याचं लागतं ते लागतंच.

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो २००६ मधला प्रयोग. मोठ्या माणसांवरचा आहे, हे लक्षात ठेवा. काहींना आधी खेळातून वगळलं, मग कर्कश आवाज ऐकवले. त्यातल्या काहींना आवाज कधी सुरू व्हायचा ते स्वतः ठरवता येत होतं, काहींना नाही. नंतर प्रत्येकाला सांगितलं की एका अनोळखी माणसाला तिखट सॉस खायला द्यायचाय, किती ते तुम्ही ठरवा. त्या माणसाला तिखट सोसत नाही हेही सांगितलेलं. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी भरमसाट सॉस ओतला. ज्यांना आवाजावर ताबा मिळाला होता ते, वगळलेले असूनही, न वगळलेल्यांइतकेच वागले.

म्हणजे वगळल्याने दुखतं, पण दुसऱ्यावर हात उठतो तो बराचसा 'आता माझ्या हातात काहीच नाही' या भावनेतून. गोरेगावच्या मुलाने पाणी ओतलं ते याच जातीचं वाटतं मला. म्हणून अशा वेळी मी आईबाबांना म्हणते, उपदेश नंतर करा, आधी त्याला काहीतरी ठरवू द्या. कुठे बसायचं, काय खेळायचं, खडू कुठल्या रंगाचा, काहीही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वाटेल वगळलेलं प्रत्येक मूल मारतंच. २००९ च्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांना साधे आकार हलताना दाखवले, त्यात एका आकाराला बाकीचे जवळ येऊ देत नव्हते. नुसतं हे पाहिलेल्या मुलांनी नंतर समोरच्या मोठ्या माणसाची नक्कल जास्त बारकाईने केली. 'मला तरी घ्या' असंच ते. काही मुलं दाराला लाथ मारतात, काही दारात उभी राहून आतल्यांसारखं वागू लागतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांची तक्रार कुणीच करत नाही.

चावलेल्याची आई

मी मुद्दाम वेगळं लिहिते. माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या गालावर दात उमटले होते. निळे. त्या मुलाला आधी कुणी खेळायला घेतलं नव्हतं, हे मला त्याच्या आजीनेही सांगितलं. मग? गाल माझ्या मुलीचा होता, आणि तिने कुणाला वगळलं नव्हतं. प्रत्येक चाव्यामागे कारण असतं हे ऐकून घ्यायला मी तयार आहे, पण आधी बर्फ आणा.

समुपदेशक, दादर

अगदी बरोबर. आधी बर्फ. मार खाल्लेल्याला जवळ घ्यायचं, मारणाऱ्याचा हात धरायचा, 'मारायचं नाही' एवढंच बोलायचं. कारण समजलं म्हणून कृत्य माफ होत नाही.

फक्त वयाचा हिशोब ठेवा. कॅनडातल्या रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अंगावर धावून जाणं सगळ्यात जास्त दोन ते चार वर्षांच्या आसपास असतं, मग बहुतेकांचं उतरत जातं. काहींचं उतरत नाही. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट चुकून झाली की मुद्दाम हे स्पष्ट नसेल, तर मारकुट्या मुलांना ती मुद्दाम केलेलीच वाटते. २००३ च्या त्यांच्याच अभ्यासात सवंगड्यांनी नाकारलेली मुलं पुढे जास्त आक्रमक झाली, त्यातही आधीपासून थोडी मारकुटी होती ती. चाळकरींचा बॉलचोर आठवा. घेत नाहीत म्हणून बॉल फेकतो, बॉल फेकतो म्हणून घेत नाहीत.

बोरिवलीची आजी

माझी नात सात वर्षांची आहे. ती हात उचलणाऱ्यांतली नव्हे. आमच्याकडे गणपतीत मुलींचा नाच बसवला. तो बसवणाऱ्या बायकांनी आपल्या विंगमधल्याच मुली घेतल्या, म्हणे तालमीला सोपं पडतं. आमची नात रोज तालीम बघायला जायची. सगळ्या स्टेप्स तिला पाठ.

कार्यक्रमाच्या दिवशी एका मुलीच्या एका पायातले चाळ सापडेनात. शोधाशोध, रडारड. दुसऱ्या दिवशी ते आमच्या वॉशिंग मशीनच्या मागे मिळाले. मी ते परत करायला गेले, आणि तिथे विचारलं, की बाई गं, चोरी ही झालीच, पण महिनाभर दारात उभ्या मुलीला 'ये' म्हणायला काय झालं होतं? तर म्हणतात, 'मुलांचं मुलांनी बघायचं.' अहो, नाच मुलांनी बसवला होता का!

मोठ्यांनी वगळायचं आणि मुलांनी समजूतदारपणा दाखवायचा, हे काही मला पटत नाही.

केजीची मम्मी

आमच्याकडे तर सगळं वाढदिवसावरच चालतं. 'तुला माझ्या बर्थडेला बोलावणार नाही' ही सीनियर केजीतली सगळ्यात मोठी धमकी. वाढदिवस आठ महिने लांब असतो, तरी चालते.

परळचा बाबा

मुलगा आठ वर्षांचा. म्हाडाच्या बिल्डिंगखाली क्रिकेट चालतं, याला कुणी घेत नव्हतं. वर येऊन बहिणीला मारायचा. मी धोबीतलावला जाऊन चांगली बॅट, स्टंप, टेनिस बॉलचा डबा घेऊन आलो. दुसऱ्या दिवसापासून सगळे 'खाली ये' म्हणून हाका मारायला लागले. बहिणीला मारणं बंद.

वरचं सॉसचं वाचलं म्हणून लिहितोय. ताबा हातात आला हे खरं. पण आता खाली कोण खेळणार ते आमचे चिरंजीव ठरवतात. ज्याची बॅट त्याची बॅटिंग. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलाला 'तुला नाही घ्यायचं' म्हणाला, त्या मुलाने स्टंप उपटून रस्त्यावर फेकला. स्टंप टेम्पोखाली गेला. त्याची आई माझ्याकडे पैसे द्यायला आली, मी घेतले नाहीत. पुढे काय करायचं सुचवा.

बालवाडीताई

सामान वॉचमनकडे ठेवायला द्या. खाली खेळायला जो पहिला येईल त्याने मागून घ्यायचं.