‘फॉन्ट टाइप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा मराठी अनुवाद करताना ‘फॉन्ट टाइप’ ही शब्दजोडी तीन ठिकाणी आढळली. आम्ही तिन्हीकडे ‘फॉन्टचा प्रकार’ असे लिहिले आणि विकासकांनी त्यांपैकी दोन परत पाठवले. सर्वत्र एकच प्रतिशब्द का चालू नये?

उत्तर : कारण मुळातच ती जोडी सैल आहे. जेथे नावांची यादी उघडते, तेथे ‘टंककुल’ (फॉन्ट फॅमिली) अभिप्रेत असते. जेथे ट्रूटाइप की ओपनटाइप असे विचारले जाते, तेथे फाइलचे स्वरूप विचारलेले असते. आणि जेथे ठळक, तिरपा असे पर्याय येतात, तेथे ‘टंकशैली’ म्हणावे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात अक्षरांच्या घडणीला टाइपफेस म्हणत, तर त्या घडणीच्या एका विशिष्ट आकाराच्या आणि जाडीच्या खिळ्यांचा संच म्हणजे फॉन्ट. हा शब्द धातू वितळवून ओतणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी नाते सांगतो. आपला ‘टंक’ही धातूच्याच घरचा आहे, संस्कृतात त्याचा अर्थ छिन्नी आणि ठसा उमटवलेले नाणे, म्हणून तर टांकसाळ. बोलताना मीही ‘फॉन्ट’च म्हणतो, पण समास करायची वेळ आली की ‘टंक’ अधिक सोयीचा ठरतो.

पुरवणी प्रश्न : जावा या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये ‘लॉजिकल फॉन्ट’ असतात. त्यांना ‘तार्किक टंक’ म्हणावे काय?

उत्तर : मुळीच नको, त्यांत तर्क कोठेच नाही. सेरिफ, सॅन्ससेरिफ, मोनोस्पेस्ड, डायलॉग आणि डायलॉगइनपुट ही ५ नावे जावा देते. या नावांच्या फॉन्ट-फाइली संगणकावर असाव्या लागत नाहीत, प्रत्येक प्रणालीवर त्या नावाआड तिथला एखादा खरा फॉन्ट उभा केला जातो. ‘सांकेतिक’ हा शब्द सुचतो खरा, परंतु ‘संकेत’ आधीच पासवर्डपासून कोडपर्यंत राबतो आहे. मला ‘नामधारी टंक’ पटतो, कारण नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे ही स्थिती मराठीत त्याच शब्दाने सांगतात. फॉलबॅकसाठीही ‘बदली टंक’ हा सरळ पर्याय आहे : निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, मॅकओएसवर कोहिनूर देवनागरी आणि लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग ही फॉन्ट शोधून देणारी यंत्रणा सुचवील तो फॉन्ट बदलीवर येतो. तिघांची रुंदी आणि ओळीची उंची निरनिराळी असल्यामुळे एकीकडे नेमके बसणारे बटण दुसरीकडे वेलांटीचे डोके कापते.

आणखी एक प्रश्न : ‘ग्लिफ’ला ‘अक्षर’ म्हटले तर बिघडते काय?

उत्तर : येथेच सर्वाधिक बिघडते, कारण ग्लिफ म्हणजे फॉन्टमध्ये रेखलेली आकृती. ‘रस’मधला पूर्ण र, ‘दर्या’मधला रफार, ‘दऱ्या’मधला कोयत्यासारखा र, ‘क्रम’मधली तिरपी रेघ आणि ‘राष्ट्र’मध्ये ट-खाली जाणारे चिन्ह या सर्वांमागे र हाच एक वर्ण आहे, पण फॉन्टला त्यांच्यासाठी वेगवेगळ्या आकृती लागतात. कोयत्यासारखा र नीट जुळला नाही, तर डोंगरातल्या दऱ्या समुद्रात बुडतात. अशा चुकीचे कारण फॉन्टमध्ये, तो मांडणाऱ्या यंत्रणेत किंवा टंकलेखनातही असू शकते. म्हणून ग्लिफसाठी ‘अक्षराकृती’ हाच शब्द वापरावा. आपल्या अनुवादात रिकामी चौकट दिसल्यावर येणारी ‘हे अक्षर उपलब्ध नाही’ ही सूचना मी त्यामुळेच बदलली असती, कारण अक्षर मजकुरात सुखरूप असते, तोच मजकूर उचलून दुसऱ्या खिडकीत चिकटवला तर ते दिसूही शकते. निवडलेल्या फॉन्टमध्ये नसते ती त्याची आकृती.